एकसष्टावं पांघरूण

१

वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरप्पा मालकांनी वेशीजवळच्या धर्मशाळेची कोठी उघडली आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसले. मी त्यांच्या मागंच उभा होतो, गळ्यात कॅमेरा. कोठीत एकसष्ट पांघरुणं रचून ठेवली होती, त्यांतलं एकच शिल्लक होतं. साठ गायब. आणि त्यांच्या जागी जमिनीवर साठ चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता, प्रत्येक चिठ्ठीवर एका दात्याचं नाव. म्हणजे पांघरुणं गेली होती आणि नावं तेवढी राहिली होती.

कुलूप शाबूत होतं. कोठीला खिडकी नाही.

थोडं मागचं सांगतो. मी मन्मथ. उदगीरच्या ‘वेशीवरून’ या साप्ताहिकाचा मालक, संपादक, बातमीदार, आणि छपाईचं मशीन अडलं की मेकॅनिकही मीच. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, नवे साहेब, सगळं आलं; पाऊस मात्र यायचं विसरला. गावाबाहेर तलावाच्या कामावर लोहा भागाकडून आलेली साठ कुटुंबं पालं ठोकून राहिली होती आणि थंडी तर अशी पडली होती की सकाळी बोटांना छपाईचे खिळे धरवत नव्हते. तेव्हा आडत बाजारातले वजनदार गृहस्थ ईश्वरप्पा यांनी मंडळ काढलं: दर घरानं एक नवं पांघरूण द्यावं. आवाहन मीच लिहिलं, ‘संक्रांतीस दाते स्वहस्ते वाटप करतील. तोवर पांघरुणे दात्यांची अमानत म्हणून धर्मशाळेत राहतील.’ खाली दात्यांची नावं ठळक टायपात. नाव छापून येणार म्हटलं की उदगीरकराचा हात सढळ होतो, हे शिक्षण मला वडिलांकडून मिळालेलं. मालकांनी नावांच्या चिठ्ठ्याही छापून घेतल्या आणि रामकिशन शिंप्यानं त्या एकेका पांघरुणाला टाके घालून जोडल्या.

यादीत माझंही नाव होतं. पांघरूण कसलं होतं ते मात्र मला विचारू नका. ते माझ्या बायकोनं, रुद्राणीनं, आणलं आणि तिनंच नेऊन दिलं. मी फक्त नाव छापलं.

कोठीच्या किल्ल्या दोन. एक मालकांच्या कमरेला, दुसरी पहारेकरी भीमाजवळ. भीमा पन्नाशीतला, कमी बोलणारा. व्यंकटराव जमादारांनी त्याला समोर उभा केला.

“चोरी मी केली न्हाई,” तो म्हणाला. “याउप्पर मला काई इचारू नका, साहेब.”

“दुसरं कोण उघडणार कुलूप?”

मालकांचा पारा चढला. “संक्रांतीला लातूरहून मोठे साहेब येऊन राहिलेत. तवर पांघरुणं आली न्हाईत, तर मांडवातूनच तुला जमादार घेऊन जातील. बारा वर्षांचं इमान मातीत घातलंस बघ!”

त्याच संध्याकाळी माझा अंक निघाला. पहिल्याच पानावर: ‘साठ पांघरुणांची चोरी! पहारेकरी भीमा यावर संशय.’ अंक हातोहात खपला. मला त्याचा आनंद झाला होता, हे आज लिहिताना मान खाली जाते.

२

रविवारी पहिल्या एसटीनं भीमाची मुलगी पंचशीला उतरली. लातूरला सरकारी कचेरीत टायपिस्ट, वय एकवीस. ती घरी न जाता सरळ माझ्या छापखान्यात आली. हातात माझाच अंक.

“हे तुमी छापलं?”

“संशय म्हटलंय, बाई. चोर नाही म्हटलं.”

“संशयाला टाईप लई मोठा लावला, अप्पा.” तिनं अंक टेबलावर ठेवला. “माझ्या बापाचं नाव तुमी घालवलं. आता परवा संक्रांत हाय. चला माझ्यासंगं, खरं काय ते धुंडू. छापायला पुढं होता तसं धुंडायलाबी पुढं व्हा.”

मी निमूट चपला घातल्या. खरं बोलणाऱ्यापुढं आपली वकिली चालत नाही.

कोठीत तिनं त्या साठ चिठ्ठ्या दाराशी उजेडात मांडल्या. जमादारांनी आणि मी त्या नुसत्या मोजल्या होत्या. ती एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. अर्धा तास गेला. मी दोनदा जांभई दिली.

“चोरानं चिठ्ठ्या काढल्या कशाला?” मी म्हणालो. “विकताना नावं दिसू नयेत म्हणून. त्यात काय एवढं?”

“मग चोरी करायच्या जागीच बसून काढतो का कुणी? घरी नेऊन काढंल की.” तिनं दोन चिठ्ठ्या माझ्यापुढं धरल्या. “कचेरीत मी कागद बघून सांगते, दोन कागद एका मशीनचे हायत का न्हाई. हे दोरे बघा. हा कातरीनं कापला. हा दातानं तोडला, टोक ओलं होऊन चपटं झालंय. हा सुईनं उसवला, पुरा टाका सरळ निघालाय. हा विळीवर कापला, तिरका. हा नुस्ता हिसडला.”

मी पाहिलं. खरंच, दर दोऱ्याची तऱ्हा वेगळी.

“एका चोराचं काम असतं तर साठ दोरे एका तऱ्हेनं तुटले असते, अप्पा. इथं हात लई हायत.”

“किती?”

तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या. “साठ असतील,” ती म्हणाली.

३

साठ चोर! गावाला वेड लागलंय असं म्हणायचं का? तरी मी तिला रामकिशनकडं नेलं, कारण माझा स्वतःचा संशय एव्हाना त्याच्यावर सरकला होता. उरलेलं एकसष्टावं पांघरूण त्याचंच होतं, चांगलं जाडजूड, काळं घोंगडं. चोर सगळं नेतो आणि शिंप्याचं तेवढं ठेवतो? शिवाय टाके त्यानंच घातलेले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ अमावस्येला तो गावात होता.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. वेळ अमावस्येला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे आपापल्या शेतात. तिथं कडब्याची कोपी घालायची, आत पांडवांची पूजा मांडायची, आणि आंबिल, भज्जी, उंडे असं पोट फुटेस्तवर जेवायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा. कोपीशी आलेल्या माणसाला जेवल्यावाचून जाऊ द्यायचं नाही, मग तो कुणीही असो. शेतात पीक असो नसो, हा दिवस चुकत नाही. त्या वर्षी पीक नव्हतंच. तरी गाव गेलं.

रामकिशन मशीनवर वाकून बसला होता. साठीचा एकटा माणूस. बायको वारून दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही.

“मी कुठं जाऊ शेतात?” तो म्हणाला. “घरात रांधणारं कुणी न्हाई. सकाळपासून या वट्ट्यावर बसलो होतो. जमादाराला सांगितलं, एक माणूस धर्मशाळेकडं फिरकला न्हाई.”

“एकबी न्हाई?” पंचशीलानं विचारलं.

“एकबी न्हाई. बाप्ये अंधारातच गेले पुढं, कोपीचं बघायला. मग उन्हं येईस्तवर बाया चालल्या होत्या, डोईवर आंबिलाची बिंदगी, काखेत बोचकं. दरसालसारख्या. तेवढंच.”

“मामा, तुमचं एक पांघरूण राहिलं, त्याचं काय वाटतं तुमाला?”

रामकिशनच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मी सावध झालो. आता हा कबूल करतो, असं मला वाटलं.

“चोराला बी माझी वस्तू नको झाली, पोरी,” तो म्हणाला. “माझ्या हातचं कुणी काई घेत न्हाई आताशा.”

४

तिथून आम्ही ईश्वरप्पा मालकांच्या घरी गेलो. त्यांच्याजवळ दुसरी किल्ली, म्हणून ते तिच्या संशयाच्या यादीत होतेच. मालक ओसरीवर येरझारा घालत होते. पलीकडं त्यांच्या आई नीलम्मा तीळ पाखडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सगळं गाव त्यांना अव्वा म्हणतं.

“किल्ली कमरेची सुटली न्हाई माझ्या,” मालक म्हणाले. “बाप चोरी करतो आन् लेक जबाब घ्यायला येते, व्वा!”

पंचशीलाचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. “मालक, एकच सांगा. जमादारानं जबाब कुणाकुणाचे घेतले?”

“सगळ्यांचे. छत्तीस माणसांचे. यादी देऊ?”

तिनं यादी वाचली आणि परत दिली. “हे समदे बाप्ये हायत.”

“मंग? बायकांना काय इचारायचं त्यात?”

सुपातले तीळ क्षणभर थांबले. मी पाहिलं, पंचशीलानंही पाहिलं. अव्वांनी मान वर केली नाही. सूप पुन्हा चालू झालं.

बाहेर आल्यावर पंचशीला रस्त्यातच थबकली. “अप्पा, यादीतल्या एकसष्ट दात्यांत असं घर किती, जिथं एकबी बाईमाणूस न्हाई?”

मी मनातल्या मनात यादी फिरवली. अख्खी यादी मी स्वतः जुळवलेली, पाठच होती. “एकच,” मी म्हणालो. “रामकिशनचं.”

माझंच उत्तर माझ्या कानावर पडलं. एकसष्टातून एक गेलं, राहिली साठ.

५

“तुमच्या घरी चला,” पंचशीला म्हणाली.

रुद्राणी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. पंचशीला दाराशी बसली आणि मलाच विचारू लागली.

“परवा तुमच्या शेतात कोपीवर काय घातलं होतं?”

“काय घालणार? कडबा आहे कुठं? असेल तो जनावरांच्या पोटात. नुसत्या काठ्या रोवल्या होत्या मी. मग ही आली, हिनं वरून पांघरूण टाकलं. सगळ्यांच्याच शेतात तसं होतं. मी बातमीतही लिहिलंय.”

“कुठलं पांघरूण?”

“घरचंच.”

“घरात हाय का आता?”

मी वळकट्यांच्या ढिगाकडं पाहिलं. ते तिथं नव्हतं. भाकरीचा आवाज थांबला होता.

“घरचंच होतं ते,” रुद्राणी तव्याकडं बघत म्हणाली. “यादीत तुमचं नाव हाय ना, तेच. आमचं आमी दिलं.”

चोरीच्या मालाखाली बसून मी दोन वाट्या भज्जी जास्त खाल्ली होती!

मग तिनं सगळं सांगितलं. वेळ अमावस्येच्या पहाटे भीमानं स्वतः कोठी उघडून धरली. शेताला निघालेली दर घरची बाई वाटेत तिथं वळली, आपल्या घरचं पांघरूण उचललं, नावाची चिठ्ठी काढून टाकली आणि बोचक्यात घालून वेशीबाहेर पडली. कुणाजवळ कातर होती, कुणाजवळ नव्हती. दुपारी तलावावरची साठ कुटुंबं साठ शेतांत पाहुणी गेली. अव्वांनी आधीच निरोप धाडले होते, कुणी कुठं जायचं ते. जेवणं झाली, उन्हं कलली, पाहुणे उठले. “थंडी पडंल जाताना,” म्हणून बाईनं कोपीवरचं पांघरूण काढून पाहुणीच्या पाठीवर टाकलं. बस.

“आणि मी कुठं होतो तेव्हा?”

“पाव्हणे येऊन जाईस्तवर आंबिल पिऊन लिंबाखाली घोरत होता. समदेच बाप्ये घोरत होते.”

साठ बायका. या गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते चुलीवरून उतरायच्या आत दुसऱ्या टोकाला कळतं. त्या गावात साठ जणींनी एवढं मोठं काम केलं आणि नवऱ्यांना, सासऱ्यांना, माझ्यासारख्या बातम्यांवर पोट भरणाऱ्याला त्याचा वासही लागू दिला नाही. मी वीस वर्षं या बाईच्या हातचं खातोय. त्या क्षणी मला ती प्रथमच दिसल्यासारखी वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

पंचशीला मात्र पेटून उठली. “आन् माझ्या बापाला गाव चोर म्हणत होतं, तवा तुमी साठजणी गप ऱ्हायल्या?”

“शनिवारीच अव्वाकडं गेलो होतो गं, सगळ्या सांगायला,” रुद्राणी तवा उतरवत म्हणाली. “भीमादादांनीच हात जोडले. म्हणाले, बोललात तर जमादार पालापालांत शिरतील, पांघरुणं मुद्देमाल म्हणून ओढून आणतील. मग तीच मांडवात, साहेबांपुढं, फोटो काढून वाटतील. मी जाईन आत, म्हणाले, पर तसं होऊ देऊ नका. ही समदी गोष्ट त्यांचीच. अव्वाला त्यांनीच सुचवली.”

“दादांनी?” पंचशीला हळूहळू खाली बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “बहात्तरचे अंक हायत का तुमच्यापाशी?”

माझ्या वडिलांनी, चन्नबसप्पांनी, सगळे अंक बांधून ठेवले आहेत. मी बहात्तरच्या दुष्काळाची फाईल काढली. तिनं पानं उलटली आणि बोट ठेवलं. फोटोत मांडव, हार, पुढारी. मधे तरुण भीमा हात पुढं करून उभा, मान एका बाजूला वळवलेली. त्याचं धोतर धरून सात वर्षांची एक मुलगी कॅमेऱ्याकडं बघतेय. खाली ओळ: ‘दुष्काळग्रस्त भीमा यास चादर देऊन उपकृत करताना मान्यवर.’

“ही मी,” ती म्हणाली. “शाळेत पाच सालं मला चादरीवाली म्हणत होते. दादांनी ती चादर कधी अंगावर घेतली न्हाई.”

दुसऱ्याची लाज छापून आम्ही बाप-लेकांनी घर चालवलं, आणि त्याला समाजसेवा म्हणत आलो.

६

त्या संध्याकाळी भीमापुढं बसून पंचशीलानं बापाशी वाद घातला. मी साक्षीला होतो.

“नावं निघतील, बाई,” भीमा एवढंच म्हणत होता. “ह्यात माझं नाव गेलं तर एकाचंच जाईल. त्यांची साठ जातील.”

“दादा, चोरी म्हंजे काय? दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी नेणं.” तिनं माझा आवाहनाचा अंक उलगडला. “हे बघा. संक्रांतीपर्यंत पांघरुणं दात्यांची अमानत. वाटप दात्यांनी स्वहस्ते करायचं. ज्या घराची वस्तू त्याच घरच्या बाईनं नेली, आन् स्वहस्ते दिली. चार दिवस आधी दिली, येवढाच काय तो गुन्हा! मग मुद्देमाल कसला आन् जमादार कशाला? देणारांची नावं निघतील, घेणारांची न्हाई.”

भीमानं मान हलवली. “तिथं कुणी तरी दाखवीलच बोट.”

“ते अव्वाला इचारते,” ती म्हणाली आणि उठून गेली.

संक्रांतीच्या सकाळी मांडव भरला. व्यासपीठावर लातूरचे साहेब, शेजारी ईश्वरप्पा मालक, समोर टेबलावर रामकिशनचं एकुलतं एक घोंगडं. पुढं गावचे पुरुष, मधे बायका, आणि सगळ्यांत मागं, दवंडी ऐकून आलेली तलावावरची माणसं, जमिनीवर दाटीनं बसलेली. व्यासपीठाच्या पायरीशी जमादार आणि भीमा. मी कॅमेरा घेऊन कडेला.

मालकांनी घसा खाकरला. एवढ्यात पंचशीला पुढं आली आणि तिनं साहेबांपुढं माझा आवाहनाचा अंक व चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. “साहेब, चोरी झाली का न्हाई, हे आधी मालाच्या मालकांना इचारावं. परवानगी असंल तर नावं वाचते.”

साहेबांनी मालकांकडं पाहिलं, मग अंकातली खूण केलेली ओळ वाचली. “वाचा,” ते म्हणाले.

तिनं पहिली चिठ्ठी उचलली. “ईश्वरप्पा. यांच्या घरचं पांघरूण कुठं हाय?”

मालक बोलायला वळले, तोच बायकांतून नीलम्मा काठी टेकत उभ्या राहिल्या. “आमचं आमी दिलं.”

“अव्वा!” मालक ओरडले. “कुणाला दिलं?”

“पाव्हण्याला. तम्मा, लेकरा, जेवायला आलेल्या पाव्हण्याला नाव इचारायची रीत आपल्या घरात कधी होती?”

मालक हळूच खुर्चीवर बसले. बसताना मात्र त्यांनी आईकडं असं पाहिलं, जसं देवळात बघतात.

दुसरी चिठ्ठी. माझी. रुद्राणी उठली. “आमचं आमी दिलं.” तिसरी. चौथी. एकेक बाई उठत होती, तेच तीन शब्द बोलत होती आणि उभीच राहत होती. कुणी म्हातारी, कुणी कडेवर लेकरू घेतलेली, कुणी नवी नवरी, आवाज कापणारी. पुरुषांत आधी खसखस पिकली, मग कुजबूज झाली, आणि विसाव्या नावानंतर तीही थांबली. साठ नावं संपली तेव्हा साठ बायका उभ्या होत्या.

“एकसष्टावं,” पंचशीला म्हणाली. “रामकिशन शिंपी. हे राहिलं, कारण यांच्या घरी न्यायला बाई न्हाई. चोरानं टाकलं म्हणून न्हाई, मामा.”

रामकिशन दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. साहेब उठून उभे राहिले. “जमादार,” ते म्हणाले, “या माणसाला सोडा. इथं चोरी झालेली नाही.” आणि भीमापुढं त्यांनी हात जोडले. भीमानंही जोडले. त्याची मान या वेळी सरळ होती.

पण मला सगळ्यांत मोठं वाटलं ते वेगळंच. त्या साठ बायका उभ्या असताना गावचे सगळे पुरुष वळून वळून बघत होते, कुणाच्या घरचा पाहुणा कोण असेल म्हणून बायकांच्या नजरेचा माग काढत होते. आणि साठांतल्या एकीनंही मागं पाहिलं नाही. ओळखीच्या चेहऱ्याकडं नजर सहज जाते. एकीची जरी गेली असती, तरी बोट दाखवल्यासारखंच झालं असतं. त्या समोर बघत राहिल्या, ताठ, अगदी शेवटपर्यंत.

मी कडेला होतो. माझ्या जागेवरून मागची माणसं लख्ख दिसली असती. फक्त मान वळवायची होती, आणि कॅमेऱ्यात अजून रीळ होतं. मी डोळे खाली घातले आणि मांडव रिकामा होईपर्यंत वर उचलले नाहीत.